आजीने अर्धीच सांगितलेली गोष्ट

मी शाळेत होते तेव्हा आजी आमच्या प्रतापनगरमधल्याच एका बंगल्यात स्वयंपाकाला जात असे. सुट्टीच्या दिवशी मीही तिच्याबरोबर जाई. स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी बसून मी वाटाणे सोलायची. त्या घरची ताई माझ्याहून बरीच मोठी, पण अभ्यास टाकून तीही तिथेच येऊन बसे. पोळ्या लाटता लाटता आजी गोष्ट सांगायची. एक राणी होती. तिच्या राज्यात चोर-लुटारूंनी उच्छाद मांडला होता. तिने भर दरबारात जाहीर केले की, जो कोणी यांचा बंदोबस्त करील त्याला मी माझी एकुलती एक मुलगी देईन. जातपात, घराणे काही पाहणार नाही. मोठमोठे सरदार माना खाली घालून बसले आणि एक साधा तरुण पुढे झाला. त्याने काम फत्ते केले, राणीने शब्द पाळला, राजकन्येचे लग्न झाले. कहाणी सुफळ संपूर्ण!

ही राणी म्हणजे पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर आणि ती राजकन्या म्हणजे त्यांची मुलगी मुक्ताबाई, हे मला कॉलेजात आल्यावर कळले. त्या तरुणाचे नाव यशवंतराव फणसे. मग मी ग्रंथालयातून चरित्रे आणून वाचू लागले, आणि आजीने आम्हांला गोष्ट अर्धीच सांगितली होती हे ध्यानात आले.

खरे म्हणजे या गोष्टीचा आरंभही दरबारात नाही, मेंढवाड्यात आहे. होळकरशाहीचे संस्थापक मल्हारराव यांचा जन्म १६९३ सालचा, नीरेकाठच्या होळ गावचा. लहानपणीच वडील वारले. आई त्यांना घेऊन खानदेशात तळोद्याला भाऊ भोजराज बारगळ यांच्याकडे आली. आश्रित भाचा मामाची मेंढरे राखू लागला. पुढे मामाने त्याचा वकूब ओळखून आपली मुलगी गौतमाबाई त्यालाच दिली. हाच भाचा पेशव्यांचा मातब्बर सरदार झाला आणि माळव्याचा मोठा मुलूख त्याच्या हाती आला.

अशा माणसाने सून शोधताना घराण्याची उंची मोजली नाही यात नवल ते काय! जामखेड तालुक्यातील चौंडी गावी माणकोजी शिंदे पाटलांच्या घरी ३१ मे १७२५ रोजी अहिल्येचा जन्म झाला. त्या जिल्ह्याला आज अहिल्यानगर असेच नाव आहे. पुण्याकडे जाताना मल्हाररावांचा मुक्काम चौंडीला पडला, देवळात त्यांनी ही चुणचुणीत मुलगी पाहिली आणि मुलगा खंडेराव याच्यासाठी मागणी घातली, असे सांगतात. १७३३ मध्ये लग्न झाले. खेड्यातल्या पाटलाची लेक राजवाड्यात आली. ऐकायला परीकथा वाटते. पण त्या वेळी ही मुलगी अवघी आठ वर्षांची होती, हेही विसरता येत नाही. तिला कोणी विचारले नव्हते.

मल्हाररावांनी मात्र सुनेला नुसते देव्हाऱ्यापुढे बसविले नाही. हिशेब, वसुली, फौजेची रसद हे सारे तिच्या हाताखालून जाऊ लागले. १७६५ मध्ये तोफखाना घेऊन ग्वाल्हेरकडे जाण्याविषयी त्यांनी तिला लिहिले होते, यावरून तिची योग्यता कळते. त्याआधीच, मार्च १७५४ मध्ये, कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव तोफेचा गोळा लागून मारले गेले होते. अहिल्याबाई सती जायला निघाल्या. त्या वेळी साठी उलटलेल्या सासऱ्याने सुनेपुढे पदर पसरला. तूच आता माझा मुलगा, मला या वयात उघड्यावर टाकू नकोस, अशी विनवणी केली. अहिल्याबाई थांबल्या. त्या एका होकारावर पुढची चार दशके उभी आहेत.

१७६६ मध्ये मल्हारराव गेले आणि पुढच्याच वर्षी मुलगा मालेरावही गेला. दौलत बिनवारशी झाली असे समजून राघोबादादा फौज घेऊन माळव्याकडे निघाले. बाईंनी लढाईची सिद्धता केली आणि इतर सरदारांकडेही साह्य मागितले. आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे, आपल्या नागपूरच्या जानोजी भोसल्यांनी या अन्यायात राघोबादादांना साथ दिली नाही. शेवटी दादांना हात हलवीत परतावे लागले.

बाईंनी महेश्वरला राजधानी केली. नर्मदेवर घाट बांधले, विणकर वसविले, काशीविश्वनाथाचे मंदिर १७८० मध्ये पुन्हा उभे केले. यापेक्षाही मला मोठ्या वाटतात त्या दोन गोष्टी. निपुत्रिक विधवेची मालमत्ता सरकारजमा करण्याची चाल त्यांनी सोडून दिली. आणि ज्या भिल्लांना सारे लुटारू म्हणत, त्यांचा वाटसरूंकडून थोडी पट्टी घेण्याचा परंपरागत हक्क मान्य करून रस्त्याच्या रक्षणाची जबाबदारी त्यांच्यावरच टाकली. माणूस कोणत्या घरी जन्मला याहून तो काय करू शकतो, हे पाहण्याची नजर त्यांना होती. तीच नजर मुक्ताबाईच्या लग्नात दिसते.

आजीची गोष्ट इथे संपत असे. इतिहास पुढे जातो. मुक्ताबाई आणि यशवंतराव यांना नथ्याबा नावाचा मुलगा झाला. आजीचा सारा जीव त्या नातवावर. तो ऐन तारुण्यात गेला. त्यामागोमाग, १७९१ मध्ये, यशवंतरावही गेले आणि मुक्ताबाईने सती जायचे ठरविले. सदतीस वर्षांपूर्वी सासऱ्याने जी विनवणी केली होती, तीच आता अहिल्याबाईंनी लेकीपुढे केली. लेकीने ऐकले नाही. आई म्हातारी झाली. नवरा गेला, मुलगा गेला. आईही गेल्यावर आपण कोणाच्या आधाराने जगायचे, असे तिचे म्हणणे होते. अख्ख्या माळव्याला जिचा शब्द मोडवत नसे, तिचा शब्द पोटच्या मुलीने मोडला. आई चितेपर्यंत चालत गेली. दोघांनी तिला धरून ठेवले होते. त्या यातनेत तिने स्वतःचे हात चावून घेतले आणि नंतर तीन दिवस अन्न घेतले नाही, असे इंग्रज इतिहासकार माल्कमने नोंदवून ठेवले आहे. पुढे तिने त्यांचे सुंदर स्मारक बांधविले. १३ ऑगस्ट १७९५ रोजी ती स्वतः गेली. सतीबंदीचा कायदा यायला अजून चौतीस वर्षे होती.

काही लोक मुक्ताबाईच्या सती जाण्यात प्रेमाची परिसीमा पाहतात. मला तसे वाटत नाही. विधवेला जगायला जागा न ठेवणाऱ्या समाजाची ती परिसीमा आहे. साध्या घरच्या मुलाला मुलगी देऊन राणीने एक भिंत पाडली. पण दुसरी भिंत तिच्याही हातून पडली नाही.

आता त्या बंगल्यातल्या ताईविषयी सांगते. चार वर्षांपूर्वी तिने चौकातल्या गॅरेजमध्ये काम करणाऱ्या मुलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. घरात आकांत झाला. तुमच्या गोष्टींनीच पोरीचे डोके फिरवले, असे म्हणून बाईंनी आजीचे काम बंद केले. आजी काही बोलली नाही. दुसऱ्या घरी कामाला लागली.

मी चरित्र वाचून आले त्या रात्री आजीवर रागावले. अर्धीच गोष्ट का सांगितलीस, असे विचारले. तिला शेवट पहिल्यापासून ठाऊक होता! लहान लेकरांपुढे चिता कशी पेटवायची, एवढेच ती म्हणाली. मग थोड्या वेळाने तिने सांगितले की, ताईला मुलगा झाल्याचे कळले तेव्हा ती आपण होऊन त्या बंगल्यात गेली होती आणि बाईंना तिने उरलेली गोष्ट ऐकविली होती. गरिबाला मुलगी दिली म्हणून ती राणी कधी रडली नाही. मुलगी डोळ्यांदेखत गेली आणि आपल्याला थांबवता आली नाही म्हणून रडली. तुमची तर दोन बसथांब्यांवर आहे, धडधाकट आहे.

बाईंनी काही उत्तर दिले नाही. पण आजी चपला घालू लागली तेव्हा त्यांनी ताईच्या घराचा पत्ता विचारला.

आजीला ते काम काही परत मिळाले नाही. त्या स्वयंपाकघरात आता दुसऱ्या बाई येतात. मात्र मागच्या दिवाळीत ताई पोराला कडेवर घेऊन त्या फाटकातून आत जाताना मी पाहिली, आणि घरी येऊन आजीला ते सांगितले. तिने नुसती मान हलवली आणि लाटणे हाती घेतले.