कामातून फुललेले गाणे

विद्यार्थी मित्रांनो, कवी म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर कोणते चित्र उभे राहते? समोर कागद, हातात लेखणी आणि विचारात गढून गेलेला माणूस, की मुशायऱ्यात रसिकांसमोर बसून गझल ऐकवणारा शायर? आज आपण ज्या कवयित्रीची ओळख करून घेणार आहोत, त्यांच्या हातात लेखणी कधीच नव्हती. त्यांच्या हातात असायचा जात्याचा खुंटा, शेतातला विळा, नाही तर चुलीत सारायचे लाकूड. त्यांना लिहिता येत नव्हते, वाचताही येत नव्हते. तरीही त्यांची गाणी मराठी भाषेचा मोठा ठेवा ठरली. त्यांचे नाव बहिणाबाई चौधरी.

बहिणाबाईंचा जन्म २४ ऑगस्ट १८८० रोजी खानदेशात, जळगावजवळच्या आसोदे या गावी झाला. त्यांच्या वडिलांचे नाव उखाजी महाजन आणि आईचे नाव भीमाई. तीन भाऊ आणि तीन बहिणी असे त्यांचे भरलेले घर होते. खानदेशातली जमीन काळी आणि कसदार. त्या मातीत ज्वारी आणि कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्यांमध्ये बहिणाबाई वाढल्या. त्या काळी खेड्यातल्या मुलींना शाळेत पाठवत नसत. त्यामुळे पाटी, पुस्तक आणि शाळा या गोष्टी बहिणाबाईंच्या वाट्याला आल्या नाहीत. पण डोळे आणि कान उघडे असले, तर शेत हीच शाळा होते. आभाळ, पाऊस, झाडे, पाखरे, गुरे आणि माणसे या साऱ्यांकडे त्या बारकाईने पाहत राहिल्या.

वयाच्या तेराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले. जळगावच्या नथूजी खंडेराव चौधरी यांच्या घरी त्या सून म्हणून आल्या. मुलांनो, तेरा वर्षांचे वय म्हणजे जवळजवळ तुमचेच वय. या वयात त्यांच्यावर घरची आणि शेतीची कामे येऊन पडली. दिवस उजाडण्याआधी उठून दळण दळायचे, पाणी भरायचे, भाकऱ्या भाजायच्या. मग शेतावर जायचे. पेरणी, कापणी, मळणी, उफणणी अशी कामे हंगामाप्रमाणे चालू असायची. अशा दिवसात निवांत बसून कविता करायला वेळ कुठून मिळणार? बहिणाबाईंनी तो वेळ वेगळा शोधलाच नाही. काम करता करताच त्यांना गाणी सुचली.

तुमच्यापैकी काहींनी जाते पाहिले असेल. दगडाच्या दोन गोल तळ्या एकावर एक ठेवलेल्या असतात. वरच्या तळीला लाकडाचा खुंटा असतो. तो धरून तळी फिरवायची आणि मधल्या तोंडात मूठमूठ दाणे टाकायचे. भोवताली पांढरेशुभ्र पीठ पडत राहते. हे काम मोठ्या कष्टाचे. हात भरून येतात, पाठ दुखते. म्हणून बायका दळताना गाणी म्हणत. या गाण्यांना मराठीत ओव्या म्हणतात. जात्याचा घरघर आवाज हाच त्या गाण्याचा ताल. ही रीत केवळ एका समाजाची नव्हती. दख्खनमधल्या सूफी संतांनी दखनी भाषेत चक्कीवर म्हणायची गीते रचली. त्यांना चक्कीनामा म्हणत. दळणाऱ्या स्त्रिया ती गात आणि गाता गाता अल्लाहचे स्मरण करीत. म्हणजे एकाच मुलखात कुठे ओवी तर कुठे चक्कीनामा ऐकू येत असे. कष्ट हलके करण्याचा मार्ग मात्र एकच होता.

बहिणाबाई जात्याला घरोट म्हणत. त्यावर त्यांचे एक गाणे आहे. जात्यातून जसे पीठ बाहेर पडते, तसे आपल्या पोटातले गाणे ओठांवर येते, असा त्याचा आशय आहे. किती साधी गोष्ट! पण कविता कशी जन्मते, हे याहून सोपे करून सांगणे कठीण आहे. दाणे दळल्याशिवाय पीठ होत नाही आणि माणसाने सोसल्याशिवाय, अनुभव घेतल्याशिवाय गाणे होत नाही.

बहिणाबाईंच्या गाण्यांत दुःख आहे, पण रडगाणे नाही. कारण त्यांच्याजवळ विनोदबुद्धी होती. चूल पेटवण्याचे काम तुम्ही पाहिले आहे का? लाकूड ओले असले की ते पेटत नाही. फुंकून फुंकून जीव दमतो आणि धुराने डोळ्यांतून पाणी येते. अशा वेळी कोणाला राग येणार नाही? बहिणाबाईंनाही तो आला असेल. पण त्यांनी या प्रसंगावर गाणे रचले आणि त्यात विस्तवालाच विचारले, की बाबा रे, तुला कशी थंडी वाजली? साऱ्या जगाला ऊब देणाऱ्या विस्तवालाच थंडी वाजावी, ही कल्पना ऐकून आपल्याला हसू येते. धूर काही कमी होत नाही, पण धुरातही माणूस हसू शकतो.

त्यांच्या विनोदाला धारही होती. जळगावातल्या छापखान्यावरही त्यांनी गाणे रचले. कोरा कागद यंत्रात जातो आणि अक्षरे घेऊन बाहेर येतो, याचे त्यांना मोठे नवल वाटले. त्या गाण्यात त्यांनी हसत हसत एक चिमटा काढला. कोरा कागद छापून निघाला की शहाणा होतो, पण माणूस मात्र वेडाच राहतो, असे त्यांनी सुचवले. ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्या बाईंनी शिकलेल्या माणसांना केवढा मोठा प्रश्न विचारला! पुस्तके वाचूनही आपण शहाणे झालो का, हा प्रश्न तुम्ही आणि मीही स्वतःला विचारायला हवा.

सन १९१० मध्ये बहिणाबाईंवर मोठा आघात झाला. त्यांच्या पतीचे निधन झाले. तेव्हा त्या अवघ्या तीस वर्षांच्या होत्या. काशी ही मुलगी आणि ओंकार व सोपान हे दोन मुलगे त्यांच्या पदरात होते. धाकटा सोपान तर जेमतेम तीन वर्षांचा होता. त्या काळी विधवा स्त्रीचे जिणे फार कठीण असे. तिच्या बांगड्या फोडत, कपाळावरचे कुंकू पुसत. शुभकार्यात तिला पुढे येऊ देत नसत. पुढे प्लेगच्या आजारामुळे मोठा मुलगा ओंकार याला कायमचे अपंगत्व आले. एकामागून एक संकटे आली. एखादा माणूस अशा वेळी खचून गेला असता.

बहिणाबाई खचल्या नाहीत. त्या रडल्या, पण रडत बसल्या नाहीत. या दुःखावर त्यांनी जे गाणे रचले, त्यात त्या स्वतःच्याच जिवाची समजूत घालतात. झाड निघून गेले आणि सावली तेवढी मागे राहिली, असे त्यांना वाटते. पण लगेच त्या सांगतात, की बांगड्या फुटल्या तरी मनगटातले बळ फुटलेले नाही. डोळ्यांपुढे दोन मुले आहेत, त्यांच्यासाठी जगायचे आहे. आणखी एका गाण्यात त्या ज्योतिषाला आपला हात पाहू देत नाहीत. माझे नशीब मला कळले आहे, तू माझ्या दारी येऊ नकोस, असे त्या त्याला बजावतात. हे बोलणे हताश बाईचे नाही. आपले भविष्य हातावरच्या रेषांत नसून हाताच्या कष्टांत आहे, हे ओळखणाऱ्या स्त्रीचे ते बोलणे आहे.

एवढे बळ त्यांना कोठून मिळाले? त्यांची देवावर गाढ श्रद्धा होती. त्यांना पोथी वाचता येत नव्हती. मग देवाचे म्हणणे त्यांना कसे कळणार? बहिणाबाईंनी याचेही उत्तर आपल्या गाण्यात दिले आहे. त्यांच्यासाठी धर्मग्रंथ पावसात सामावलेला आहे आणि तो मातीतून उगवतो. शेतकरी एवढेसे बी मातीत टाकतो. ते दिसेनासे होते. काही दिवसांनी त्याच जागी हिरवा कोंब वर येतो. हे रोजचे दृश्य पाहून त्यांचे मन भरून येई. जे बी मातीत गाडले गेले, तेच नवे होऊन वर आले, मग माणसाने आशा का सोडावी?

पण श्रद्धा म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे. सुगरण पक्ष्यावरचे त्यांचे गाणे प्रसिद्ध आहे. सुगरण हा चिमणीएवढा पक्षी. गवताच्या काड्या विणून तो झाडाला टांगलेला सुंदर खोपा तयार करतो. त्याच्याजवळ फक्त चोच असते. माणसाला तर देवाने दोन हात आणि दहा बोटे दिली आहेत, याची आठवण बहिणाबाई करून देतात. संसारावरच्या गाण्यात त्या तव्याचे उदाहरण घेतात. आधी हाताला चटका बसतो, मगच भाकर मिळते, असे त्या सांगतात. मोठे तत्त्वज्ञान सांगायला त्यांना मोठे शब्द लागले नाहीत. तवा, खोपा, विहिरीवरची मोट, पिकात शिरणारे ओढाळ गुरू याच गोष्टी त्यांना पुरल्या.

आता त्यांच्या भाषेविषयी थोडे सांगायला हवे. बहिणाबाईंची गाणी पुस्तकी मराठीत नाहीत. जळगाव भागात बोलल्या जाणाऱ्या लेवा गणबोलीत ती आहेत. मित्रांनो, मराठी शिकताना ‘ळ’ हा उच्चार तुम्हांला अवघड वाटत असेल, कारण उर्दूत हा वर्ण नाही. गंमत अशी, की बहिणाबाईंच्या बोलीतही अनेक शब्दांत ‘ळ’ऐवजी ‘य’ येतो. त्या डोळा न म्हणता डोया म्हणत, पोळा या सणाला पोया म्हणत. तुम्ही घरी एक भाषा बोलता आणि शाळेत मराठी शिकता. बहिणाबाईंची घरची बोलीही पुस्तकातल्या मराठीहून वेगळीच होती. पण आपली बोली कमी प्रतीची आहे, असे त्यांना कधी वाटले नाही. जी भाषा आईकडून मिळाली, तिच्यातच त्या मनापासून बोलल्या.

मात्र एक मोठी अडचण होती. लिहिता येत नसल्याने गाणे म्हणून झाले, की ते हवेत विरून जाई. सुदैवाने धाकटे चिरंजीव सोपानदेव शिकले आणि पुढे स्वतः कवी म्हणून नावारूपाला आले. त्यांनी आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी बहिणाबाईंची काही गाणी ऐकून लिहून ठेवली. ही हस्तलिखिते घरातच राहिली. ३ डिसेंबर १९५१ रोजी जळगावात बहिणाबाईंचे निधन झाले. तोपर्यंत त्यांच्या गाण्यांचे पुस्तक निघाले नव्हते. घराबाहेरच्या जगाला त्यांची फारशी ओळखही नव्हती.

त्यानंतर सोपानदेवांनी ही गाणी आचार्य प्रल्हाद केशव अत्रे यांना दाखवली. अत्रे हे मराठीतले नामवंत लेखक, नाटककार आणि विनोदासाठी प्रसिद्ध असलेले वक्ते होते. गाणी वाचून ते थक्क झाले. हे तर अस्सल सोने आहे आणि ते महाराष्ट्रापासून लपवून ठेवता कामा नये, असे त्यांना वाटले. त्यांच्या आग्रहाने १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याला अत्र्यांनी प्रस्तावना लिहिली. ज्या छापखान्याची बहिणाबाईंनी थट्टा केली होती, तशाच एका छापखान्यात त्यांची गाणी छापली गेली. त्या वेळी कोरा कागद खरोखरच शहाणा झाला! १९६१ साली ‘मानिनी’ या चित्रपटातून त्यांची गाणी घरोघरी पोचली. १९९० मध्ये जळगावात उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ सुरू झाले. २०१८ मध्ये त्या विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. शाळेची पायरी न चढलेल्या स्त्रीचे नाव आता पदवीच्या कागदावर छापले जाते.

मुलांनो, सोपानदेव आणि पितांबर यांनी गाणी लिहून घेतली नसती, तर काय झाले असते, याचा विचार करा. बहिणाबाई तशाच राबल्या असत्या, हसल्या असत्या, गायल्या असत्या; पण आपल्याला त्यांचे नावही कळले नसते. जी गाणी कोणीच लिहून ठेवली नाहीत, ती त्यांच्याबरोबरच गेली. तुमच्या घरातही दादी किंवा नानी असेल. तिला एखादे जुने गीत, एखादी म्हण, एखादी गमतीची गोष्ट आठवत असेल. तिच्याजवळ बसा आणि ती ऐका. तुम्हांला तर लिहिता येते. उर्दूत लिहा किंवा मराठीत लिहा, पण लिहून ठेवा.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) बहिणाबाईंचा जन्म कोणत्या गावी झाला?
(आ) चक्कीनामा कशाला म्हणत?
(इ) ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक कोणत्या साली प्रसिद्ध झाले?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) बहिणाबाईंनी विस्तवाची थट्टा कशी केली?
(आ) पतीच्या निधनानंतर बहिणाबाईंनी आपल्या जिवाची समजूत कशी घातली?
(इ) सुगरण पक्ष्याच्या उदाहरणातून बहिणाबाई काय शिकवतात?

३. उपक्रम : आपल्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रीकडून एक जुने गीत किंवा गोष्ट ऐका. तिचा सारांश मराठीत पाच-सहा ओळींत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.