एका दिवसाच्या ताटावरून भूक मोजता येते का?

स्वारगेटच्या एसटी स्थानकावर शंभर माणसांना विचारलं, काल दिवसभरात काय खाल्लं? कुणाची एकादशी निघेल, कुणी लग्नाचं जेवून आलेलं असेल, कुणाचा दिवस वडापाव-चहावर गेलेला असेल. यांतल्या ज्यांचे उष्मांक ठरलेल्या आकड्याच्या खाली, ते सगळे अर्धपोटी असं धरायचं का? डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी आयुष्याचा उत्तरार्ध या प्रश्नाला दिला आणि टीकाही भरपूर ओढवून घेतली.

सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले सुखात्मे फर्ग्युसन कॉलेजातून लंडनला गेले. जेर्झी नेमन, ईगॉन पिअर्सन यांच्यासारखे गुरू मिळाले, १९३६ मध्ये पीएच.डी. झाली. परतल्यावर कृषी संशोधन परिषदेत त्यांनी पिकांचा अंदाज नमुना पाहणीने काढण्याची पद्धत बसवली. शेतात तुकडा आखायचा, तेवढंच पीक कापायचं, मळायचं, तोलायचं. तुकडा लहान तर खर्च कमी. पण लहान तुकड्यावर उत्पन्न जास्तच दिसतं, हे सुखात्म्यांनी दाखवलं. कडेवरचं ताट आत की बाहेर असा प्रश्न पडला की कापणारा ते आत धरतो, आणि तुकडा जितका लहान तितका कडेचा वाटा मोठा. असे हजार तुकडे कापले तरी ही चूक फिटत नाही. लहान तुकड्यांची बाजू घेणाऱ्या महालनोबिसांशी त्यांची यावरून चांगलीच जुंपली.

१९५१ पासून वीस वर्षं ते रोमला, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत होते. १९७१ मध्ये पुण्यातल्याच वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी माणशी रोज २२५० उष्मांक धरून देशातल्या गरिबीचा हिशेब मांडला. सुखात्म्यांचा आक्षेप साधा होता: ही तर सरासरी गरज. धडधाकट माणसांतही अनेकांची गरज त्याहून कमी असते. शिवाय एकाच माणसाचं खाणं रोज वरखाली होतं आणि शरीर ते सांभाळून घेतं. म्हणून सीमारेषा सरासरीच्या बरीच खाली हवी. माणसामाणसांतला फरक आणि एकाच माणसातला रोजचा फरक वेगळे काढायचे, हे मानसशास्त्राचा विद्यार्थीही स्मरणशक्तीच्या चाचण्या घेताना शिकतो.

मात्र रेषा खाली आणली की गरिबांचा आकडा कागदावरच घटतो. सी. गोपालन यांच्यासारख्या आहारतज्ज्ञांनी विचारलं, शरीर सांभाळून घेतं म्हणजे नेमकं काय? मुलांची उंची खुंटते, मजुराचं काम मंदावतं, ते कुठे मोजलं? इथे सुखात्म्यांची बाजू लंगडी वाटते. त्यांनी वापरलेल्या आकडेवारीत ब्रिटिश सैनिक होते, म्हणजे पोटभर मिळणारी माणसं. त्यांचं कमीजास्त खाणं आणि काम न मिळालेल्या दिवशी मजुराचं खाणं एका मापात बसत नाही. पण प्रथिनांच्या गाजावाजापेक्षा आधी पोटभर अन्न आणि स्वच्छ पाणी द्या, हा त्यांचा आग्रह टिकला.

१९८१ मध्ये दांडेकर-सुखात्मे वाद पुन्हा रंगला. दांडेकर १९९५ मध्ये गेले. सुखात्मे जानेवारी १९९७ मध्ये, पुण्यातच. रेषा कुठे आखायची, यावर दोघांचं एकमत झालं नव्हतं.