हॉस्पिटलमधल्या रबरी चादरीला ‘मॅकिंटॉश’ म्हणतात, पण तो माणूस होता कोण?

घरातलं कुणी ॲडमिट असताना हा शब्द कानावर पडला असेल. सिस्टर वॉर्डबॉयला सांगतात, बेडवर मॅकिंटॉश टाक. मग तो एक जाड, लाल किंवा हिरवी रबरी चादर आणून पेशंटच्या खाली अंथरतो. रक्त, लघवी, औषध, काहीही सांडलं तरी गादीत मुरत नाही.

ॲपलच्या कॉम्प्युटरचा याच्याशी काही संबंध नाही. त्याचं नाव सफरचंदाच्या एका जातीवरून आलंय. ही चादर ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते चार्ल्स मॅकिंटॉश स्कॉटलंडचे होते. जन्म १७६६, ग्लासगो. धंदा केमिकलचा. शिवणकामाशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता, आणि पुढे हेच त्यांना महागात पडलं.

त्यांचे वडील जॉर्ज मॅकिंटॉश रंग बनवायचे. आपल्या गोड्या मसाल्यात जे दगडफूल पडतं, त्याच्या जातकुळीतल्या वनस्पतींपासून जांभळट रंग काढायचा, असा त्यांचा कारखाना. या रंगासाठी अमोनिया लागायचा आणि तो मिळायचा माणसाच्या लघवीतून. म्हणजे ग्लासगो शहरातून लघवी गोळा करून कारखान्यात आणली जायची. फॉर्म्युला फुटू नये म्हणून कारखान्याभोवती उंच भिंत होती आणि कामाला माणसं ठेवली होती ती फक्त गेलिक बोलणारी.

चार्ल्स यांनी सुरुवातीला कारकुनी केली, पण जीव केमिस्ट्रीत. एडिंबरोला जाऊन जोसेफ ब्लॅक यांची लेक्चर्स ऐकली. विशीतच नोकरी सोडून नवसागर बनवायला घेतला. १७९७ मध्ये तुरटीचा कारखाना काढला. पावसाळ्यात विहिरीत टाकतात त्या ब्लीचिंग पावडरच्या शोधातही त्यांचा मोठा वाटा होता असं मानलं जातं. पण १७९९ चं ते पेटंट निघालं भागीदार चार्ल्स टेनंट यांच्या नावावर. श्रेय कसं हातातून जातं याचा अनुभव त्यांना होता म्हणायचा. पुढच्या वेळी मात्र बाजू उलटी होती.

झालं असं की, ग्लासगोत रस्त्यांवर गॅसचे दिवे आले. हा गॅस दगडी कोळशापासून बनायचा आणि मागे उरायचं डांबर आणि अमोनियाचं पाणी. गॅस कंपनीला तो कचरा नकोसा झालेला. १८१९ मध्ये मॅकिंटॉश यांनी तो विकत घेण्याचा करार केला. त्यांना हवा होता अमोनिया, तोच घरच्या रंगासाठी. डांबरातून नॅप्था नावाचं एक भपकन वास मारणारं तेल निघायचं. आता याचं करायचं काय?

उत्तर एका विद्यार्थ्याने आधीच देऊन ठेवलं होतं. एडिंबरोत शिकणाऱ्या जेम्स सिमला दिसलं होतं की डांबरातून काढलेल्या तेलात रबर विरघळतं. तोवर रबराचा ओळखीचा उपयोग म्हणजे पेन्सिलचं लिहिलेलं खोडणं. सिमने १८१८ मध्ये हे छापून मोकळं केलं. वय वर्षं अठरा. पेटंट वगैरेच्या भानगडीत तो पडला नाही, डॉक्टर व्हायला निघून गेला.

मॅकिंटॉश यांची खरी अक्कल पुढे दिसते. विरघळलेलं रबर कापडावर फासलं की कापड वॉटरप्रूफ होतं खरं, पण हाताला चिकटतं. त्यांनी रबराचा थर आत ठेवून वरून दुसरं कापड दाबून बसवलं. सँडविचच म्हणा. दोन्ही बाजूंनी साधं कापड आणि मध्ये पाणी अडवणारा थर. जून १८२३ मध्ये पेटंट मिळालं, त्याच वर्षी रॉयल सोसायटीचं सदस्यत्व. मग मँचेस्टरमध्ये बर्ली बंधूंसोबत कारखाना उभा राहिला. जॉन फ्रँकलिन यांच्या १८२५ च्या आर्क्टिक मोहिमेत सामानाच्या पिशव्यांना आणि एका छोट्या होडीला हेच कापड वापरलं होतं.

मग घोळ कुठे झाला? कापड कारखान्यात बनायचं, पण कोट शिवायचे बाहेरचे शिंपी. सुई घातली की भोक पडलंच, आणि प्रत्येक भोकातून पाऊस आत. शिवाय लोकरीतल्या तेलाने रबर खराब व्हायचं. थंडीत कोट पुठ्ठ्यासारखा कडक, उन्हात चिकट, आणि वास तर विचारू नका. शेवटी कंपनीने कपडे स्वतःच बनवायला घेतले. रबराचा जाणकार थॉमस हँकॉक भागीदार झाला आणि माल सुधारत गेला. तोवर नक्कल करणारेही उभे राहिले होते. १८३६ मध्ये कंपनीला पेटंटसाठी कोर्टात भांडावं लागलं. केस जिंकली.

उन्हाचा आणि थंडीचा प्रश्न मात्र सुटेना. त्यावर उपाय होता गंधकासोबत रबर तापवण्याचा, म्हणजे व्हल्कनायझेशन. अमेरिकेत चार्ल्स गुडइयर त्याच्या मागे होते, इंग्लंडमध्ये हँकॉक. हँकॉक यांनी पेटंटचा अर्ज केला नोव्हेंबर १८४३ मध्ये. मॅकिंटॉश त्याच वर्षीच्या जुलैमध्ये वारले होते. आपलं कापड खऱ्या अर्थाने टिकाऊ झालेलं त्यांना बघायलाच मिळालं नाही. त्यांच्या नावाने कोट मात्र विकले जात राहिले. लोकांनी स्पेलिंगमध्ये एक जास्तीचा ‘के’ घुसवला, तो आजही आहे.

आणि तो अठरा वर्षांचा जेम्स सिम? तो ब्रिटनमधल्या मोठ्या सर्जनपैकी एक झाला. घोट्यापाशी पाय कापण्याच्या एका ऑपरेशनला अजून त्याचं नाव आहे. त्याच्या हाताखाली शिकलेला जोसेफ लिस्टर पुढे त्याचा जावई झाला. जखमेत जंतू जाऊ नयेत म्हणून कार्बोलिक ॲसिड वापरणारे ते हेच लिस्टर.

लिस्टर यांचं ड्रेसिंग आठ पदरी असायचं, कार्बोलिकमध्ये भिजवलेल्या गॉजचं. सगळ्यात वरच्या पदराखाली ते वॉटरप्रूफ कापडाचा एक तुकडा घालायचे. जखमेतून आलेला स्राव थेट वर फुटू नये, कडेपर्यंत औषधी गॉजमधूनच फिरत जावा, हा हेतू. रबर विरघळवण्याची युक्ती सासऱ्याची होती. पण सर्जरीच्या पुस्तकांत त्या तुकड्याला मॅकिंटॉशच म्हटलं गेलं.