जेम्स मॅडिसन

वर्गाचा पुढारी निवडावयाचा असो वा सहलीचें ठिकाण ठरवावयाचें असो, हात वर करून मतें मोजलीं कीं वाद मिटला, असें आमच्या विद्यार्थ्यांस वाटतें. एका मनुष्याच्या लहरीनें चालण्यापेक्षां ही रीत शतपटीनें बरी, यांत संशय नाहीं. परंतु वर गेलेल्या हातांनींच थोडक्यांवर अन्याय करण्याचें ठरविलें, तर त्या थोडक्यांनीं कोणाच्या तोंडाकडे पाहावें? या प्रश्नानें ज्या पुरुषास जन्मभर स्वस्थ बसूं दिलें नाहीं, त्याचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

जेम्स मॅडिसन यांचा जन्म ता. १६ मार्च १७५१ रोजीं अमेरिकेंतील व्हर्जिनिया प्रांतांत झाला. बारा भावंडांत ते थोरले. त्यांचे वडील ऑरेंज जिल्ह्यांतील सर्वांत मोठे जमीनदार होते. त्यांचे तंबाखूचे मळे आफ्रिकेंतून धरून आणलेल्या लोकांच्या व त्यांच्या संततीच्या श्रमांवर, म्हणजे गुलामांवर, चालत असत. ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. तिच्याकडे आम्हांस परत यावयाचें आहे.

प्रिन्स्टन येथील कॉलेजांत जॉन विदरस्पून या विद्वान् प्रेस्बिटेरियन पाळकांच्या हाताखालीं शिकून १७७१ सालीं ते पदवीधर झाले, व पुढें कांहीं महिने तेथेंच राहून त्यांनीं इब्री भाषेचा अभ्यास केला. उंची पांच फूट चार इंच, प्रकृति नाजूक, आणि आवाज इतका बारीक कीं भरसभेंत त्यांचें भाषण पुष्कळांस ऐकूं येत नसे. लोकनायकास लागणारें बाह्य साहित्य त्यांच्यापाशीं जवळजवळ नव्हतेंच.

व्हर्जिनियांत त्या वेळीं इंग्लंडचें चर्च हें राजमान्य होतें. परवान्यावांचून उपदेश केला म्हणून शेजारच्या जिल्ह्यांत कांहीं बॅप्टिस्ट उपदेशकांस तुरुंगांत घातलें होतें. मॅडिसन स्वतः राजमान्य चर्चांतले. तरी ह्या गोष्टीनें त्यांचें मन पेटलें. १७७६ सालीं प्रांताच्या सभेपुढें हक्कांचा जाहीरनामा आला, त्यांत अन्य पंथांस सहन करावें अशा अर्थाचे शब्द होते. पंचवीस वर्षांच्या या तरुणानें ते बदलवून घेतले व धर्माचरण हा सर्वांचा सारखा हक्क आहे असें लिहविलें. जें मेहेरबानीनें मिळतें तें मेहेरबानी सरली कीं जातें, हें त्यांनीं ओळखलें होतें. पुढच्याच वर्षीं निवडणुकींत मतदारांस दारू पाजण्याची चाल त्यांनीं मोडली, आणि ते हरले!

१७८४ सालीं ख्रिस्ती धर्माच्या शिक्षकांच्या वेतनासाठीं सर्वांवर कर बसविण्याचें बिल निघालें. ख्रिस्ती मनुष्यानें त्यास विरोध कां करावा, असें आमच्या कांहीं वाचकांस वाटेल. मॅडिसन यांनीं लोकांच्या सह्यांसाठीं एक अर्ज लिहिला. त्याचा आशय असा कीं, जें सरकार आज सर्व धर्मांतून ख्रिस्ती धर्म निवडूं शकतें, तें उद्यां ख्रिस्ती पंथांतून एकच पंथ निवडील. आणि आरंभींच्या शतकांत प्रभूची मंडळी राजाश्रयानें नव्हे, तर राजांच्या छळास तोंड देऊन वाढली. हा युक्तिवाद आम्हांस पूर्णपणें पटतो. तें बिल बारगळलें.

मग प्रश्न आला पैशाचा. १७८६ सालीं ऱ्होड आयलंड प्रांतांत कर्जदारांचें बहुमत झालें. त्यांनीं कागदी नोटा काढल्या, व त्यांची किंमत घसरत असतांही सावकारांनीं त्या पूर्ण किंमतीनें घेतल्याच पाहिजेत असा कायदा केला. कायदा रीतसर होता. मतें मोजलेलीं होतीं. गरीब शेतकऱ्यांची हलाखी खरी होती, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण ज्याचें देणें बुडालें त्याचेंही घर असतें. मॅडिसन यांनीं यावर मतदानच काढून घ्यावें असें म्हटलें नाहीं. त्यांचा विचार निराळा होता. एका लहान खेड्यांत एकच भाऊबंदकी सारी पंचायत मुठींत ठेवूं शकते. शंभर गांवांचा कारभार एकत्र आला कीं तिचें तितकें चालत नाहीं. राष्ट्र विस्तृत असावें, त्यांत हितसंबंध नाना प्रकारचे असावे, म्हणजे कोणत्याही एका गटास जुलमी बहुमत जमविणें कठीण जातें. शिवाय सभागृहें दोन असावीं व सत्ता वांटलेली असावी. १७८७ सालीं फिलाडेल्फिया येथें भरलेल्या परिषदेंत त्यांनीं हें मांडलें, आणि रोजच्या वादाचें टिपणही स्वतःच्या हातानें लिहून ठेवलें.

हक्कांची यादी घटनेंत हवी, असें प्रथम त्यांस वाटत नव्हतें. कागदाचा बांध लोंढ्यापुढें टिकत नाहीं, असें ते म्हणत. परंतु बॅप्टिस्ट शेजाऱ्यांची धास्ती पाहून त्यांनीं आपलें मत बदललें व १७८९ सालीं ती यादी स्वतःच कायदेमंडळापुढें आणली. १७९१ सालीं दहा दुरुस्त्या मंजूर झाल्या. धर्म, भाषण व मुद्रण यांचें स्वातंत्र्य त्यांत आहे. आणि योग्य मोबदल्यावांचून कोणाची मालमत्ता सार्वजनिक कामासाठीं घेऊं नये, हेंही आहे.

पण मालमत्ता म्हणजे काय? मनुष्य हा मालमत्ता होऊं शकतो ही कल्पना घटनेंत शिरूं देऊं नये, असें परिषदेंत मॅडिसन यांनींच सांगितलें होतें. गुलाम हा शब्द घटनेंत आला नाहीं; मात्र पळालेला गुलाम धन्यास परत देण्याचें कलम आलें. १७८३ सालीं त्यांचा बिली नांवाचा गुलाम फिलाडेल्फियांत त्यांच्याबरोबर होता. स्वातंत्र्याचा वारा लागलेल्या त्या मनुष्यास घरीं परत नेणें त्यांस शक्य वाटेना. ज्या स्वातंत्र्यासाठीं आम्ही रक्त सांडलें त्याचीच इच्छा धरल्याबद्दल त्यास शिक्षा कशी करावी, असा भाव त्यांनीं वडिलांस कळविला. आणि केलें काय? त्यास कांहीं वर्षांच्या कराराच्या चाकरीवर विकलें. मुदतीअंतीं तो मोकळा झाला खरा; पण मळ्यावरील शंभरांहून अधिक माणसें होतीं तशींच राहिलीं. त्यांचे हात कोणत्याच सभेंत मोजले जात नव्हते. येथें आम्हांस मॅडिसन यांची बाजू घेतां येत नाहीं.

१८०९ ते १८१७ ते राष्ट्राध्यक्ष होते. त्यांच्याच कारकीर्दींत, १८१३ सालीं, गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे पहिले अमेरिकन मिशनरी मुंबईस उतरले; इंग्लंडशीं युद्ध चालू असल्यामुळें त्यांस येथून घालवून देण्याचा घाट कंपनी सरकारनें घातला होता.

ता. २८ जून १८३६ रोजीं मॅडिसन वारले. मृत्युपत्रांत त्यांनीं कोणासही मुक्त केलें नाहीं; संमतीवांचून कोणास विकूं नये एवढीच इच्छा पत्नी डॉली यांस कळविली. कर्जापायीं त्यांनीं पुष्कळांस विकलें. मरणसमयीं शेजारीं असलेला पॉल जेनिंग्ज हा गुलामही विकला गेला; १८४७ सालीं सिनेटर डॅनियल वेब्स्टर यांनीं १२० डॉलर भरून त्यास सोडविलें, व ती रक्कम त्यानें दरमहा ८ डॉलरप्रमाणें चाकरी करून फेडली. त्या दिवसांत डॉलीबाईंस अन्नाची ददात पडली होती. वेब्स्टर यांच्या घरून शिध्याची टोपली घेऊन जेनिंग्ज त्यांच्याकडे जाई, आणि निघतांना कधीं कधीं आपल्या खिशांतले थोडे पैसे त्यांच्या हातांत ठेवी.