चिमूटभर पांढरे धागे

मुलुंडमध्ये घरातल्या वडीलधाऱ्यांच्या रक्ताचा रिपोर्ट आणताना माझी नजर आधी सोडियम-पोटॅशियमच्या ओळींवर जाते, आणि हटकून चार्ल्स पेडरसन आठवतात. या दोन भावांना वेगळे ओळखणे सोपे नाही. दोघेही पाण्यात विरघळलेले, दोघांवर सारखाच विद्युतभार. ठळक फरक आकाराचा. केवळ आकारावरून त्यांना धरणारे रेणू रसायनज्ञांना पेडरसन यांनी मिळवून दिले.

जन्म १९०४ चा, कोरियातल्या बुसानचा. वडील नॉर्वेजियन इंजिनिअर, आई जपानी. आठव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी जपानला धाडले. पुढे अमेरिकेत एम.आय.टी.मधून मास्टर्स झाले, पीएच.डी. मात्र केली नाही. वडिलांच्या पैशावर आणखी किती दिवस शिकायचे, हा विचार. आपल्याकडच्या कुठल्याही मध्यमवर्गीय घरात हे कारण समजावून सांगावे लागणार नाही. १९२७ साली ते ड्यूपाँट कंपनीत लागले आणि ४२ वर्षे तिथेच राहिले.

१९६२ साली, निवृत्ती दिसू लागलेल्या वयात, ते व्हॅनेडियम धातूला बांधणारे एक संयुग शोधत होते. कच्च्या मालात सुमारे १० टक्के भेसळ होती. ती ठाऊक असूनही त्यांनी प्रयोग पुढे रेटला. हाती आला तपकिरी चिकट गाळ आणि त्यात रेशमासारखे पांढरे स्फटिक, जेमतेम ०.४ टक्के. हवे होते ते हे नव्हेच! दुसऱ्या कुणी ते सरळ मोरीत ओतले असते. पेडरसन यांनी ते मिथेनॉलमध्ये टाकून पाहिले. विरघळेनात. सोडियमचा क्षार घालताच विरघळले.

तो रेणू म्हणजे एक कडे होते: अठरा अणूंचे, त्यातले सहा ऑक्सिजनचे. सोडियम त्याच्या पोकळीत जाऊन बसला होता. कासाराकडे मापाच्या बांगड्या असतात तसाच हा प्रकार. या कड्यात पोटॅशियम सर्वांत चपखल बसतो, सोडियमला त्याहून लहान कडे हवे. विहिरीत टाकायचे जांभळे पोटॅशियम परमँगनेट बेंझिनमध्ये विरघळत नाही. हे कडे सोबत असले की बेंझिनही जांभळे होते. आयनाच्या डोक्यावर मुकुट बसावा तशी ही रचना, म्हणून त्यांनी नाव दिले ‘क्राऊन ईथर’.

१९६७ साली त्यांनी एकट्याच्या नावावर शोधनिबंध छापला. तो वाचून डोनाल्ड क्रॅम आणि ज्याँ-मारी लेन यांनी हे शास्त्र पुष्कळ पुढे नेले. तिघांना मिळून नोबेल मिळाले १९८७ मध्ये. तोवर पेडरसन यांची पत्नी सुझन जाऊन चार वर्षे झाली होती, त्यांना स्वतःला रक्ताचा कर्करोग होता. तरी ८३ व्या वर्षी ते स्टॉकहोमला गेले. २६ ऑक्टोबर १९८९ रोजी न्यू जर्सीतल्या सेलम गावी ते वारले.

घाटकोपरपासून फार लांब नसलेल्या ट्रॉम्बेला, भाभा अणुसंशोधन केंद्रात, अणुकचऱ्यातले सिझियम वेगळे काढायला याच घराण्यातला एक मुकुटधारी रेणू वापरला गेला आहे. ते सिझियम काचेच्या कांड्यांत बंद करतात, आणि रुग्णाला द्यायच्या रक्तावर किरणांचा मारा करायला ते उपयोगी पडते.