जिनेट नेव्ह्यू

देवळातील चौघड्याप्रमाणेच चर्चमधील व्हायोलिनचे स्वरही आम्हां गोमंतकीयांच्या कानांस परिचयाचे आहेत. म्हणूनच या फ्रेंच वादिकेचे चरित्र आम्हांस परके वाटत नाही.

जिनेटचा जन्म ११ ऑगस्ट १९१९ रोजी पॅरिस येथे झाला. सातव्या वर्षीच तिने जाहीर मैफलीत वादन केले. पुढे व्हिएन्ना येथील स्पर्धेत तिचा क्रमांक चौथा लागला. परंतु थोर गुरू कार्ल फ्लेश यांनी तिचे गुण हेरून तिला विनामूल्य विद्या देऊ केली. त्या साधनेचे फळ १९३५ साली मिळाले. वॉर्सा येथील व्येनियाव्हस्की स्पर्धेत अवघ्या पंधराव्या वर्षी तिने पहिले पारितोषिक मिळविले. दुसरे आले ते रशियाचे डेव्हिड ओइस्त्राख!

महायुद्धानंतर तिची कीर्ती युरोप-अमेरिकेत पसरली. बंधू झां-पॉल पियानोवर साथ करी. २८ ऑक्टोबर १९४९ रोजी अमेरिकेस जाताना या भावंडांचे विमान अझोर्समधील साओ मिगेल बेटावर डोंगरास धडकले. मुष्टियोद्धा मार्सेल सेर्दां यांच्यासह ४८ जण मृत्युमुखी पडले. ती बेटे पोर्तुगालची. आमचा गोमंतकही तेव्हा त्याच सत्तेखाली होता.

अवघ्या तिसाव्या वर्षी हा स्वर थांबला. सिबेलियस यांच्या कॉन्चेर्तोचे तिने १९४५ साली केलेले ध्वनिमुद्रण मात्र आजही ऐकावयास मिळते. ते ऐकताना, विद्यार्थिमित्रहो, आपण त्या अपघाताबरोबरच चौथ्या क्रमांकाने खचून न जाता हातचा गज खाली न ठेवणाऱ्या त्या कोवळ्या मुलीचेही स्मरण करू या.