गोलंदाज बाळू पालवणकर

पालवणकर हे आडनाव आपल्या कोकणातील पालवण गावावरून आलेले. या घराण्यातील बाळू पालवणकर हे हिंदुस्थानातील पहिले थोर गोलंदाज होत. त्यांचा जन्म १८७६ साली धारवाड येथे एका चर्मकार कुटुंबात झाला. वडील लष्कराच्या नोकरीत असल्यामुळे त्यांचे बालपण पुण्यात गेले.

पुण्यात पारशी मंडळींच्या एका क्लबात मैदान झाडणे आणि खेळपट्टीवर रूळ फिरविणे, हे त्यांचे पहिले काम. पगार महिना ३ रुपये. पुढे युरोपियनांच्या पूना क्लबात ते ४ रुपयांवर लागले. तेथे साहेबांना सरावासाठी चेंडू टाकण्याचे काम त्यांच्याकडे आले. ग्रेगसारख्या नामांकित फलंदाजाला तासन्‌तास गोलंदाजी करता करता त्यांची डावखुरी फिरकी तयार झाली. बॅट मात्र त्यांच्या हाती कोणी दिली नाही.

साहेबांना हरवायचे तर हाच गडी हवा, हे पुण्याच्या हिंदू क्लबाने ओळखले व त्यांना संघात घेतले. मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू सर्वांना चालत असे. चहाच्या वेळी मात्र त्यांना बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळे. प्लेगच्या दिवसांत ते मुंबईस आले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला, त्यात त्यांच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला. परंतु पस्तिशीतल्या बाळूंनी एकट्याने ११४ बळी मिळविले. इतके करूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्या वाट्याला आले नाही. १९२० साली त्यांना संघातूनच वगळले, तेव्हा शिवराम व विठ्ठल या धाकट्या भावांनी निषेध म्हणून खेळण्यास नकार दिला. अखेर तडजोड होऊन बाळू अंतिम सामन्यात उपकर्णधार म्हणून उतरले. कर्णधार पै मैदानाबाहेर गेले तेवढा वेळच संघाची सूत्रे त्यांच्या हाती आली. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले आणि त्यांच्या संघाने चौरंगी सामने जिंकले. थोरल्याला नाकारलेला मान धाकट्याने मिळविला.

पुढे बाळू राजकारणात आले. १९३२ च्या पुणे कराराच्या बाजूने ते उभे राहिले, तर १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसच्या वतीने डॉ. आंबेडकरांविरुद्ध लढून हरले. ४ जुलै १९५५ रोजी त्यांचे निधन झाले.

प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, ही त्यांच्या कामगिरीची नोंद आहे. गुण मान्य करायचा, परंतु गुणवंताच्या हाताखाली खेळायचे नाही, असे वागणाऱ्या समाजाचीही हीच नोंद आहे. आपल्या मैदानांवर संघनायक निवडताना या कोकणी माणसाचे स्मरण ठेवणे, हीच त्यांना खरी आदरांजली ठरेल.